व्हिडिओवरची बटणं जात नाहीत? आधी ती कुणाची ते ओळखा

व्हिडिओ चालू असतो आणि मधोमध थांबवण्याचं बटण, वर शीर्षक, खाली लाल पट्टी, कडेला कसलंसं गोल चिन्ह असं सगळं चिकटून बसतं. अशा वेळी बहुतेक लोक अ‍ॅप काढून परत टाकतात, नाहीतर थेट फोन रिसेट मारतात. रिसेटने फोटो जातात, बटणं मात्र बऱ्याचदा तिथंच राहतात, कारण दोष अ‍ॅपमध्ये नसतोच.

स्क्रीनवर आडवं येणारं जे काही असतं, त्याचे मालक वेगवेगळे असतात. प्लेअरची बटणं त्या अ‍ॅपची. कडेची उभी रेघ, बाणाची पट्टी, फिरवण्याचं चिन्ह हे फोनच्या सिस्टीमचं. तरंगणारे गोळे आणि मध्येच उघडणाऱ्या खिडक्या तिसऱ्याच कुठल्यातरी अ‍ॅपच्या. आणि कधीकधी सगळं जागच्या जागी ठीक असतं, पण बोट न लावता फोनला स्पर्श झाल्यासारखं वाटतं आणि म्हणून प्लेअर बटणं दाखवत राहतो. मालक कोण हे कळलं की इलाज दोन मिनिटांचा असतो.

ओळखायचं असं:

१. त्रासदायक चिन्ह दिसत असतानाच पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून स्क्रीनशॉट घ्या. पुढे कुणाला दाखवायचं झालं तर नुसतं वर्णन करून कळत नाही.

२. व्हिडिओ सोडून होम स्क्रीनवर या. चिन्ह तिथंही असेल तर ते सिस्टीमचं किंवा तिसऱ्या अ‍ॅपचं.

३. गॅलरीतला स्वतः काढलेला एखादा व्हिडिओ लावा. तिथं त्रास नसेल आणि एकाच अ‍ॅपमध्ये असेल, तर त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये शोधा.

४. चार्जर आणि इअरफोन काढा, फोन टेबलावर सपाट ठेवा, व्हिडिओ लावून दोन-तीन मिनिटं हात लावू नका. तरी बटणं आपोआप उगवली, तर स्पर्शाची भानगड आहे. आता चार्जर लावून तेच करा, मग इअरफोन लावून.

एक सूचना आधीच: सेटिंगचे रस्ते कंपनीगणिक आणि अपडेटगणिक बदलतात. इथं दिलेला रस्ता जसाच्या तसा सापडला नाही तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधाच्या चौकटीत त्या सेटिंगचं नाव टाका. फोन मराठीत असेल तर नाव मराठीत सापडेल; तेही जमलं नाही तर भाषा तेवढ्यापुरती इंग्रजी करून घ्या.

यूट्यूब: एक टॅप, दोन टॅप आणि त्यातला घोळ

यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनवर एकदा टॅप केलं की बटणं येतात, पुन्हा एकदा केलं की जातात, काहीच केलं नाही तर तीनेक सेकंदांत आपोआप जातात. गडबड होते ती घाईत. बटणं घालवायला माणूस टकटक दोनदा टॅप करतो. अ‍ॅप ते एकच 'डबल टॅप' समजतं आणि व्हिडिओ दहा सेकंद पुढे किंवा मागे पळतो. मग तो जागेवर आणायला परत टॅप, परत बटणं. अँड्रॉइड दुसऱ्या टॅपची वाट साधारण ३०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी बघतं. म्हणूनच एका टॅपनंतर बटणं जायला क्षणभर उशीर होतो आणि 'लागलं नाही वाटतं' म्हणून हात पुन्हा जातो. एकदाच टॅप करा आणि हात उचला. टॅप कुठं करायचं हेही बघा: अगदी मधोमध केलं तर थांबवण्याचं बटण दाबलं जातं, अगदी खाली केलं तर पट्टीवर बोट पडून व्हिडिओ भलतीकडे जातो. शीर्षक आणि मधलं बटण यांच्या दरम्यानची मोकळी जागा सगळ्यांत सुरक्षित.

डबल टॅपने किती सेकंद उडी घ्यायची ते बदलता येतं. अ‍ॅपमध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन सेटिंग्ज उघडा. 'प्लेबॅक' किंवा जुन्या आवृत्तीत 'जनरल'मध्ये 'डबल-टॅप टू सीक' आहे. ५ पासून ६० सेकंदांपर्यंत पर्याय मिळतात. चुकून डबल टॅप होत असेल तर ५ ठेवा, नुकसान कमी. लेक्चर ऐकणाऱ्या पोरांना मात्र १० किंवा १५ बरं पडतं, कारण सरांचं एक वाक्य साधारण तेवढ्यात परत ऐकून होतं.

बोट दाबून धरलं तर व्हिडिओ दुप्पट वेगाने पळतो आणि वर तशी खूण दिसते. फोन आडवा धरल्यावर तळहाताचा मांसल भाग कडेला टेकला की नेमकं हेच होतं. कडेला वळलेल्या स्क्रीनच्या फोनांत जास्त. कव्हर असं घ्या की त्याची कड काचेपेक्षा किंचित वर असेल, आणि फोन बोटांच्या टोकांवर न धरता मागून तळव्यावर टेकवा. मोबाइलच्या कुठल्याही दुकानात मिळणारं साधं घडीचं स्टँड घेतलंत तर हा प्रश्नच उरत नाही.

दोन बोटांनी डबल टॅप केलं तर व्हिडिओच्या पुढच्या किंवा मागच्या प्रकरणावर (चॅप्टरवर) उडी जाते. पूर्ण स्क्रीनवर बोट वरून खाली ओढलं तर प्लेअर लहान होतो. 'मी काहीच केलं नाही, तरी व्हिडिओ लहान झाला' या तक्रारीमागं बहुतेक हाच ओढलेला अंगठा असतो.

या सगळ्यावर यूट्यूबमध्येच चांगला उपाय आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे: स्क्रीन लॉक. व्हिडिओ चालू करा, एकदा टॅप करा, वर कोपऱ्यातलं दातेरी चाक दाबा, यादीत 'लॉक स्क्रीन' निवडा. व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर जातो आणि स्पर्श केला तरी प्लेअर ढिम्म. सोडवायचं तर स्क्रीनवर टॅप करा आणि 'अनलॉक'चं बटण येईल ते दाबा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर कुशीवर पडून बघणाऱ्यांना, आणि फोन भांड्याला टेकवून स्वयंपाक करणाऱ्यांना याचा फार उपयोग. मात्र लॉक फक्त प्लेअरपुरतं आहे. पॉवर बटण, आवाजाची बटणं आणि होमवर जायची खालून वर ओढ ही चालूच राहते.

थांबवलेल्या व्हिडिओतलं एखादं चित्र नीट बघायचं असतं, म्हणजे गणिताची पायरी किंवा टाक्याची जागा, आणि नेमकी त्यावर बटणांची करडी सावली पडते. व्हिडिओ थांबवा, मग मोकळ्या जागी एकदा टॅप करा. बटणं आणि सावली दोन्ही जातात, व्हिडिओ थांबलेलाच राहतो. मग स्क्रीनशॉट घ्या. आधी स्क्रीनशॉट काढून मग त्यावर झूम करत बसण्यापेक्षा हे सोपं.

शेवटच्या सेकंदांत येणारे चौकोन, म्हणजे 'हाही व्हिडिओ बघा' आणि सबस्क्राइबचा गोल, हे व्हिडिओ टाकणाऱ्यानेच लावलेले असतात. ते व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत येतात. शेंगा चटणीच्या रेसिपीत नेमकं शेवटी वाटीत चटणी दाखवतात आणि त्यावरच हे चौकोन! अ‍ॅप नवं असेल तर अशा वेळी वरच्या कोपऱ्यात ते लपवायचं बटण येतं. दिसत नसेल तर आधी अ‍ॅप अपडेट करा. ब्राउझरवर डेस्कटॉप साइटमध्ये बघत असाल तर मध्येच उगवणारी माहितीची कार्डं बंद करता येतात: सेटिंग्जमध्ये 'प्लेबॅक अँड परफॉर्मन्स', तिथं इन्फो कार्डांपुढची खूण काढा.

थेट प्रक्षेपणाचं वेगळं दुखणं. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेतला अक्षता सोहळा घरी बसून बघताना आडव्या फोनवर अर्धी स्क्रीन चॅटने खाल्लेली असते आणि नंदीध्वज कोपऱ्यात. चॅटच्या वरची फुली दाबा, किंवा बटणं आणून चॅटचं चिन्ह बंद करा. पट्टीवर चुकून बोट पडलं तर तुम्ही काही मिनिटं मागचं बघत राहता आणि शेजारच्या घरातला गजर तुमच्या आधी ऐकू येतो. 'लाइव्ह' असं लिहिलेला शब्द दाबला की पुन्हा चालू क्षणावर.

शॉर्ट्समध्ये उजवीकडचा चिन्हांचा खांब आणि खालचं नाव काढून टाकायची सोय नेहमी सापडत नाही. लिंक कॉपी करून ब्राउझरच्या पत्त्यात टाका, डेस्कटॉप साइट चालू करा, आणि पत्त्यातल्या 'शॉर्ट्स' आणि त्यापुढच्या तिरप्या रेघेच्या जागी 'वॉच', प्रश्नचिन्ह, 'व्ही' आणि बरोबरचं चिन्ह घाला (हे सगळं इंग्रजी लिपीतच टाइप करायचं). तोच व्हिडिओ साध्या प्लेअरमध्ये उघडतो. रोज करण्याजोगं काम नाही हे, एखाद्या व्हिडिओपुरतं ठीक.

बटणं मुळी जातच नसतील तर

तीन सेकंदांत जायला हवीत ती बटणं कायम राहतात, ही सगळ्यांत जास्त गोंधळात टाकणारी तक्रार. कारण बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते यूट्यूबच्या बाहेर असतं: फोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीची एखादी सेवा चालू असते.

ही सोय दृष्टी अधू असलेल्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसांसाठी आहे. टॉकबॅक चालू असेल तर स्क्रीनवरचं वाचून दाखवलं जातं. त्या माणसाला बटण शोधायला वेळ लागणार, म्हणून यूट्यूब बटणं लपवत नाही. हे बरोबरच आहे. घोळ असा की पासवर्ड सांभाळणारी, कॉल रेकॉर्ड करणारी, आपोआप टॅप करणारी, बॅटरी वाचवतो म्हणणारी कितीतरी अ‍ॅप्स हीच परवानगी मागून घेतात. आपण 'अलाऊ' करून मोकळे होतो. यूट्यूबला वाटतं, या माणसाला मदत लागते. मग तो बटणं धरून ठेवतो.

तपासायचं असं. सेटिंग्ज उघडा, 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त जा, आणि 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' किंवा 'डाउनलोडेड अ‍ॅप्स' अशी यादी उघडा. ज्यापुढे 'ऑन' लिहिलंय ते एकेक बंद करत जा आणि प्रत्येक वेळी यूट्यूब पूर्ण बंद करून परत उघडा. ज्याने फरक पडला तो गुन्हेगार. ओळखीचं नसलेलं अ‍ॅप इथं चालू दिसलं तर बटणांचं राहू द्या, आधी ते अ‍ॅप काढून टाका. या परवानगीवर स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं, बँकेचंसुद्धा.

पण सेवा खरोखरच लागत असेल तर? आजींचं टॉकबॅक बंद करून कसं चालेल. त्यासाठी यूट्यूबच्याच सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आहे. तिथं 'अ‍ॅक्सेसिबिलिटी प्लेअर' चालू करा आणि 'हाइड प्लेअर कंट्रोल्स'मध्ये बटणं किती सेकंदांनी जावीत ते निवडा. ३, ५, १०, ३० सेकंद किंवा कधीच नाही. पंढरपूरचं लाइव्ह दर्शन बघणाऱ्या ज्येष्ठांना १० सेकंद साधारण योग्य बसतं: बटण शोधायला वेळ मिळतो आणि विठोबाच्या मुखावर कायमची पट्टीही राहत नाही.

याच अ‍ॅक्सेसिबिलिटीत आणखी एक जागा बघा: 'टाइम टू टेक अ‍ॅक्शन'. अँड्रॉइड १० पासून ती आहे. तात्पुरत्या सूचना आणि बटणं किती वेळ राहावीत हे ती ठरवते. १० सेकंदांपासून २ मिनिटांपर्यंत. कुणी ती एक मिनिटावर ठेवली असेल तर जी अ‍ॅप्स हे मानतात त्यांत बटणं मिनिटभर हलणार नाहीत. 'डिफॉल्ट'वर आणा.

जे होम स्क्रीनवरही दिसतं

कडेला पातळ उभी रेघ असेल तर ते साइडबार आहे. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, 'डिस्प्ले', 'एज पॅनल्स' इथं बंद होतं. बंद करायचं नसेल तर हँडल पारदर्शक किंवा बारीक करता येतं. शाओमी-रेडमीत व्हिडिओ उघडल्यावरच कडेला रेघ येते, कारण तो 'व्हिडिओ टूलबॉक्स' आहे. 'स्पेशल फीचर्स'मध्ये सापडतो. ओप्पो, रिअलमी, वनप्लसमध्ये 'स्मार्ट साइडबार'. विशेष म्हणजे ही रेघ बऱ्याचदा नेमकी तिथं असते जिथं आडवा फोन धरताना अंगठा टेकतो.

गोल तरंगणारं बटण असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटी बटण, असिस्टिव्ह मेन्यू किंवा चॅटचा बुडबुडा. चॅटचे बुडबुडे सेटिंग्जच्या 'नोटिफिकेशन्स'मध्ये 'बबल्स'वर बंद होतात. बाकी सगळ्या आगंतुकांसाठी एकच दार आहे: सेटिंग्ज, 'अ‍ॅप्स', 'स्पेशल अ‍ॅक्सेस', 'डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स'. सॅमसंगमध्ये याला 'अपिअर ऑन टॉप' म्हणतात. कॉल संपल्यावर उघडणारी नंबर ओळखणाऱ्या अ‍ॅपची खिडकी, स्क्रीन रेकॉर्डरचा गोळा, नेटचा वेग दाखवणारा आकडा, सगळे इथूनच आलेले असतात. यादी बघितली की आपण किती जणांना व्हिडिओवर उभं राहायची मुभा दिलीय ते कळतं. रेडमी-पोकोमध्ये एवढ्याने भागत नाही; त्या अ‍ॅपच्या माहितीत 'अदर परमिशन्स'मध्ये मागून खिडकी उघडायची वेगळी परवानगी असते, तीही काढावी लागते.

वरून उतरणाऱ्या सूचनांसाठी 'डू नॉट डिस्टर्ब' लावतात, तरी पट्ट्या येतच राहतात अशी ओरड असते. त्याचं कारण, बऱ्याच फोनांत हा पर्याय आवाज तेवढा बंद करतो. आत जाऊन लपवलेल्या सूचना कशा दिसाव्यात हे शोधा आणि आवाज व दृश्य दोन्ही बंद असा पर्याय निवडा. घरून महत्त्वाचा फोन येईल अशी धास्ती असेल तर तारांकित संपर्कांना सूट द्या, आणि 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवा. मग एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला फोन वाजतो.

सूचनांत 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' छापाच्या जाहिराती येत असतील तर त्या कुठल्यातरी फुकट सिनेमाच्या साइटवर दिलेल्या 'अलाऊ'ची देणगी. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' उघडून ओळखीच्या नसलेल्या साइट काढून टाका. त्या साइटवरच्या प्लेअरची खोटी फुली आणि खोटं प्ले बटण यांवर मात्र काही सेटिंग नाही. तिथं जाऊ नका.

ऑफलाइन प्लेअर

पेन ड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले व्हिडिओ बघायला व्हीएलसी चांगला. त्यात सेटिंग्जच्या व्हिडिओ विभागात कंट्रोल्स किती वेळाने लपावेत ते ठरवता येतं. डाव्या बाजूला बोट वर-खाली केलं की उजेड, उजवीकडे आवाज बदलतो आणि मोठा आकडा मध्ये येतो. हे नको असेल तर तिथंच उजेडाचा आणि आवाजाचा जेस्चर वेगवेगळा बंद करा. एमएक्स प्लेअरमध्येही इंटरफेस आपोआप लपण्याची वेळ आणि स्क्रीन लॉक आहे. नेटफ्लिक्समध्ये खाली कुलपाचं चिन्ह आहे.

बोट न लावता स्पर्श

चौथ्या चाचणीत बटणं आपोआप उगवली असतील तर इथं वाचा. आधी पुरावा बघू. 'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा (सॅमसंगमध्ये तो 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'मध्ये असतो, शाओमीत बिल्ड नंबरऐवजी ओएस किंवा एमआययूआय आवृत्तीवर टॅप करायचं). 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. त्यांत 'पॉइंटर लोकेशन' चालू करा. आता बोट फिरेल तिथं रेघ उमटते आणि वर आकडे दिसतात. फोन खाली ठेवा. हात न लावता रेघा उमटू लागल्या तर स्पर्श खोटा आहे, हे डोळ्यांनी दिसतं. रेघा नेहमी एकाच पट्ट्यात येत असतील तर डिस्प्ले किंवा त्या जागेची काच. सगळीकडे सैरावैरा येत असतील आणि फक्त चार्जिंगला लावल्यावर, तर चार्जर. काम झालं की पॉइंटर लोकेशन आणि डेव्हलपर ऑप्शन्स दोन्ही बंद करा. काही बँकांची अ‍ॅप्स ते चालू असताना उघडत नाहीत.

स्वस्त चार्जर असं का करतो? स्क्रीनखालचं सर्किट बोटामुळे होणारा विद्युतभारातला बारीक बदल मोजत असतं. चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट नीट गाळला नाही तर त्याला तो बदल बोटासारखाच दिसतो. कंपनीचा किंवा प्रमाणित चार्जर लावून बघा, सॉकेट बदलून बघा. यंत्रमागाच्या कारखान्यात मोटारींच्याच लाइनवरच्या सॉकेटला फोन लावून व्हिडिओ बघत असाल तर घरच्या सॉकेटवर तीच चाचणी करा. तिथं त्रास नसेल तर फोन निर्दोष.

पाणी आणि घाम. पाण्याचा थेंब काचेला बोटच वाटतो. कडक भाकरी थापताना ओल्या हाताने फोन हलवला की थेंब राहतो आणि तो पसरला की पट्टी मागे-पुढे होते. विड्या वळणाऱ्या बायकांच्या हाताला ओल्या पानाचा ओलावा आणि तंबाखूची भुकटी दोन्ही असतात. भुकटी ओलसर होऊन काचेच्या कडेला थर धरते आणि तिथला स्पर्श बिघडतो. व्हिडिओ लावून यूट्यूबचं लॉक घाला आणि मग हात कामाला लावा. काच पुसायला कोरडं मऊ कापड, कडेला कोरडा मऊ टूथब्रश. ओलं फडकं स्पीकरच्या जाळीजवळ नको.

टेम्पर ग्लास फक्त कडांना चिकटणारी असेल तर मध्ये हवेचा थर राहतो. स्पर्श कधी लागत नाही, कधी दोनदा लागतो. काच काढून दहा मिनिटं बघा, तेवढ्यात निकाल लागतो. जाड काच ठेवायचीच असेल तर सॅमसंगमध्ये 'डिस्प्ले'खाली 'टच सेन्सिटिव्हिटी' चालू करा. काच काढल्यावर ती बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन गरजेपेक्षा हळवा होतो.

वायरवाला इअरफोन हा लपलेला आरोपी. माइक असलेल्या इअरफोनच्या पिनवर चार भाग असतात, आणि थांबवा-चालवा बटण म्हणजे प्रत्यक्षात माइकची वायर अर्थला टेकवणं एवढंच. पिन घाणेरडी असेल, घामाने ओली असेल, वायर मुळाशी तुटत आली असेल तर फोनला वाटतं बटण दाबलं. व्हिडिओ थांबतो, बटणं उगवतात. पिन कोरड्या कापडाने पुसा. वायर हलवल्यावर तेच होत असेल तर इअरफोन बदला. ब्लूटूथ बड्समध्ये कानावर केस किंवा ओढणी घासली तरी टॅप धरला जातो. बड्सच्या अ‍ॅपमध्ये स्पर्श बंद करता येतो.

उन्हाळ्यात, सोलापूरचा पारा ४२च्या पुढे गेला की, तापलेला फोन उजेड आपोआप कमी करतो. लोक उजेडाची पट्टी ओढत बसतात आणि ती वर जात नाही. ही बिघाडाची खूण नव्हे. कव्हर काढा, चार्जिंग थांबवा, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये नको, आत पाणी धरतं.

मात्र काच एका बाजूने उचलल्यासारखी दिसत असेल, फोन टेबलावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती आतून डिस्प्लेला दाबते आणि खोटे स्पर्श होतात. चार्जिंग लगेच थांबवा, काच दाबून बसवू नका, फोन बंद करून दुकानात न्या.

लहान मूल आणि आयफोन

अँड्रॉइडमध्ये दोन कुलपं एकत्र लावा. यूट्यूबचं स्क्रीन लॉक प्लेअरमधले टॅप अडवतं. 'अ‍ॅप पिनिंग' अ‍ॅपमधून बाहेर पडू देत नाही. पिनिंग सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये चालू करा, सोडताना पिन मागावा ही खूण ठेवा. मग अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीत यूट्यूबच्या चिन्हावर टॅप करून 'पिन' निवडा. बाहेर यायला खालून वर ओढून धरा. तीन बटणांचा फोन असेल तर मागे आणि अलीकडची अ‍ॅप्स ही बटणं एकत्र दाबून धरा. नुसतं एक लावलं तर मूल दुसऱ्या वाटेने निसटतं.

आयफोनमध्ये हे एकाच ठिकाणी होतं. सेटिंग्ज, 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', 'गाइडेड अ‍ॅक्सेस' चालू करून पासकोड ठेवा. व्हिडिओ लावा, कडेचं बटण तीनदा दाबा, 'ऑप्शन्स'मध्ये 'टच' बंद करा आणि सुरू करा. पूर्ण स्क्रीन नको, फक्त एक कोपरा अडवायचा असेल तर त्याभोवती बोटाने गोल काढा. संपवायला पुन्हा तीनदा दाबून पासकोड. तरंगणारा करडा गोळा म्हणजे 'असिस्टिव्ह टच'. काढायचा नसेल तर त्याची निष्क्रिय असतानाची अपारदर्शकता १५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येते.

डिस्प्ले बदलायची वेळ आली तर

वरचं सगळं करून रेघा उमटतच राहिल्या, सेफ मोडमध्येही उमटल्या, तर डिस्प्ले गेला. सेफ मोडचं बघायचं ते यासाठी की त्यात नंतर टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. बऱ्याच फोनांत पॉवरच्या यादीतला 'पॉवर ऑफ' दाबून धरला की तो पर्याय येतो. सोलापूरच्या नवी पेठेत किंवा कुठंही दुरुस्तीला द्याल तेव्हा डिस्प्ले मूळ कंपनीचा की कॉपी, हे बिलावर लिहून घ्या. हलक्या कॉपी डिस्प्लेत खोटे स्पर्श पहिल्या दिवसापासून असू शकतात. फोन परत घेताना काउंटरवरच पॉइंटर लोकेशन चालू करा, बोटाने चारही कडांवरून आणि मधून आडव्या-उभ्या रेघा ओढा. रेघ मध्ये तुटली तर ती जागा मेलेली आहे. मग फोन त्यांच्याच चार्जरला लावून पाच मिनिटं काउंटरवर ठेवा, पुन्हा आपल्या चार्जरला. एकही रेघ आपोआप उमटली नाही, की पैसे द्या आणि नवी काच तिथंच लावून घ्या.